वाचकांचे प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासाचा ताण आणि सजगतेचे प्रशिक्षण

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची पत्रे बरीच आहेत. अनेक विद्यापीठांत आता सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, वर्ग भरतात. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, ते कोणी करावेत आणि कोणी जपून करावेत, असा या पत्रांचा एकंदर सूर आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेले इतर पत्रांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाने आठ आठवड्यांचा सजगता प्रशिक्षणाचा वर्ग जाहीर केला आहे. गेले काही महिने प्रबंधाची फाइल उघडली की छातीत धडधडते, दोन ओळी लिहिल्या की पुसाव्याशा वाटतात, आणि गाइडची मेल सकाळी आली तर ती उघडायला मला संध्याकाळ होते. सर प्रकरणे वाचायला दीड-दोन महिने लावतात, तो वेळ नुसता धास्तीत जातो. बरोबरीच्यांचे शोधनिबंध छापून येत आहेत. मैत्रिणी म्हणतात, वर्ग कर. मला मात्र वाटते की रोज डोळे मिटून बसण्यात वेळ घालवण्यापेक्षा तोच वेळ लिखाणाला दिला, तर निदान एक प्रकरण तरी पुढे सरकेल. या प्रशिक्षणाचा खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर : उपयोग होतो, पण तो नेमका कोणत्या त्रासावर होतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

पहिल्यांदा हे सांगतो की, तुम्ही जे लिहिले आहे तो तुमच्या एकटीच्या स्वभावाचा दोष नव्हे. बेल्जियममधील फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये मानसिक विकाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दर्शवणारी लक्षणे आढळली आणि हे प्रमाण तेवढेच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा बरेच जास्त होते. पुढच्या वर्षी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २६ देशांतील २,२७९ विद्यार्थ्यांची पाहणी आली. तीत ४१ टक्के विद्यार्थ्यांना मध्यम ते तीव्र चिंता आणि ३९ टक्क्यांना तशाच पातळीचे नैराश्य असल्याचे दिसले. हे दुसरे आकडे सर्वत्र उद्धृत केले जातात, पण ती पाहणी ईमेल आणि समाजमाध्यमांवर आवाहन करून केलेली होती. ज्यांना त्रास होतो तेच अशा आवाहनाला अधिक संख्येने प्रतिसाद देतात, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे सर्वांना लावणे मला बरोबर वाटत नाही. तरीही दोन्ही पाहण्यांचा रोख एकच आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. आज विद्यापीठांतून जे वर्ग चालतात त्यांचा मूळ नमुना जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तयार केला. (हे गृहस्थ स्वतः एमआयटीचे, रेणवीय जीवशास्त्रातले पीएच.डी.; तेव्हा प्रबंधाचे ओझे त्यांना ऐकीव नव्हते.) जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम होता. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवसाचे मौन सत्र आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव, अशी त्याची आखणी. श्वासाकडे लक्ष देणे, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणे, सावकाश केलेल्या योगाच्या हालचाली आणि चालतानाचे ध्यान हे त्यातले मुख्य भाग. पहिल्याच वर्गात प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवतात आणि ती तोंडात टाकण्यापूर्वी तिच्या सुरकुत्या, तिचा वास, बोटांना लागणारा तिचा चिकटपणा हे सगळे काही मिनिटे नुसते पाहायला सांगतात. हे पहिल्यांदा करताना बहुतेकांना हसू येते. सवयीने हातून होणाऱ्या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष दिले की काय दिसते, हे दाखवण्यापुरताच त्याचा हेतू असतो.

विद्यार्थ्यांसाठी याच्या आटोपशीर आवृत्त्या निघाल्या. त्यांतल्या एकीची केंब्रिज विद्यापीठात चांगली कसोटी लागली. ६१६ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले; एका गटाला आठ आठवडे, दर आठवड्याला सव्वा ते दीड तासाचा सजगतेचा वर्ग दिला आणि दुसऱ्या गटाला विद्यापीठाची नेहमीची समुपदेशन सेवाच खुली ठेवली. त्यानंतर परीक्षेच्या काळात दोन्ही गटांची मानसिक अवस्था मोजली. ज्या पातळीच्या वर त्रास गेला की तो उपचारायोग्य मानतात, त्या पातळीच्या वर वर्ग न केलेल्यांपैकी ५७ टक्के, तर वर्ग केलेल्यांपैकी ३७ टक्के विद्यार्थी होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फरक लक्षणीय आहे. मात्र वर्ग करूनही शंभरातील ३७ जणांना परीक्षेचा काळ जडच गेला, हेही त्याच आकड्यांतून वाचायचे असते.

हा फरक कशामुळे पडतो? तुमच्याच मेलचे उदाहरण घेऊ. सकाळी गाइडची मेल येते, विषयाच्या जागी ‘प्रकरण ३’ एवढेच असते. मेल उघडलेली नसते, पण तोवर मनाने ती वाचूनही टाकलेली असते : त्यांना आवडलेले नाही, सगळे पुन्हा लिहावे लागणार, मुदतवाढ मागावी लागणार, तोवर फेलोशिप संपणार, घरी काय तोंड दाखवायचे. संध्याकाळी धीर करून उघडल्यावर आत ‘चौथ्या तक्त्याचे शीर्षक तपासा आणि दोन संदर्भ घाला’ इतकेच निघू शकते. दिवसभर छातीत जी धडधड होती ती मेलची कमी आणि मनाने रचलेल्या या मालिकेची जास्त. सजगतेचा सराव इथे उपयोगी पडतो. धडधड सुरू झाली आहे, ती छातीत डावीकडे जाणवते आहे, ‘फेलोशिप संपणार’ हा एक विचार आत्ता येऊन गेला, असे क्रमाने ओळखता येऊ लागले की विचार येणे थांबत नाही, पण त्याच्या मागोमाग वाहून जाणे कमी होते. संशोधक याला चर्वितचर्वण कमी होणे म्हणतात आणि या प्रशिक्षणाचा परिणाम बऱ्याच अंशी याच वाटेने होतो असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. मेल सकाळीच उघडली जाते, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

तुमची दुसरी अडचण मात्र या जातीची नाही. मार्गदर्शक दीड-दोन महिने प्रकरण वाचत नाहीत ही मनाने रचलेली गोष्ट नव्हे, ती वस्तुस्थिती आहे आणि श्वासाकडे कितीही लक्ष दिले तरी ती बदलणार नाही. तिच्यासाठी सरांकडे ठरावीक दिवसाची, पंधरवड्यातून एकदा का होईना, भेट मागावी लागेल. ‘पूर्ण प्रकरण नको, पाच पाने पाहा’ असे सुचवावे लागेल. आणि तरीही काही हलले नाही तर सल्लागार समितीतील दुसऱ्या सदस्याशी बोलावे लागेल. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याची की, वर्गात शांत बसायला शिकलेला विद्यार्थी हे बोलणेच पुढे ढकलू लागेल आणि त्या ढकलण्याला स्वीकार असे नाव देईल.

वेळेबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काही सादर करायचे असेल तर हा वर्ग सोडून पुढच्या तुकडीत नाव घाला. धावपळीत अर्धवट केलेल्या सरावाने आणखी एक काम राहिल्याची टोचणी तेवढी लागते. तशी घाई नसेल तर करून पाहा. डोळे मिटून बसणे तुम्हाला मुळातच रुचत नसेल तर तेही गुन्हा नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ध्यानाच्या अशा कार्यक्रमांनी चिंता आणि नैराश्य यांत थोडी ते मध्यम सुधारणा होते असे त्यात दिसले, पण व्यायाम किंवा औषधोपचार यांसारख्या उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. रोज संध्याकाळी नेमाने पळायला जाणारीने ते सोडून या वर्गाला यावे, असे मी म्हणणार नाही.

शेवटी एक सांगून ठेवतो. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर हा वर्ग तुमची पहिली पायरी नव्हे. आधी विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणे नकोसे वाटत असेल तर त्यासाठी उद्याची वाट पाहू नका.

प्रश्न : मी पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाला असून सजगतेच्या वर्गाचे तीन आठवडे झाले आहेत. श्वासाकडे लक्ष दिले की माझे विचार कमी होण्याऐवजी वाढतात. कधी कधी तर श्वासच अडकल्यासारखा होतो आणि घाबरून डोळे उघडावे लागतात. बाई म्हणतात, सोडून द्या, सरावाने जमेल. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : विचार वाढतात असे बहुतेक सर्वांनाच वाटते. ते एरवीही तेवढेच असतात, फक्त त्यांच्याकडे पाहायला आपण कधी थांबलेले नसतो. लक्ष भरकटणे, ते भरकटल्याचे ध्यानात येणे आणि पुन्हा श्वासाकडे वळणे हा सगळा मिळूनच सराव आहे. वीस मिनिटांत पन्नास वेळा परत वळावे लागले तर पन्नास वेळा सराव झाला असे समजा. मन कोरे करायला इथे कोणीच सांगत नाही.

श्वास अडकणे ही गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ‘सोडून द्या’ एवढ्या सल्ल्यावर ती मिटवू नये. ज्यांना पूर्वी घाबरण्याचे झटके आलेले आहेत, दमा आहे किंवा एखाद्या आघाताची आठवण शरीरात दबून राहिलेली आहे, अशा काहींना श्वासावर लक्ष केंद्रित केल्यानेच भीती वाढते. ध्यानाच्या अनिष्ट परिणामांविषयी ८३ अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये निघाला. ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना असा काही त्रास झाल्याचे त्यात आढळले आणि त्यात चिंता व नैराश्य हे सर्वाधिक होते. मानसोपचारातही साधारण याच प्रमाणात असा त्रास नोंदवला जातो. म्हणजे बिचकून जाण्याचे कारण नाही, पण असे काही होतच नाही म्हणून ते झटकून टाकणेही बरोबर नाही.

तूर्तास डोळे उघडे ठेवा. श्वासाऐवजी जमिनीला टेकलेल्या तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर लक्ष ठेवा. वेळ पाच मिनिटांवर आणा आणि अस्वस्थता वाढू लागली तर सरळ उठून चाला. तसे करणे म्हणजे हरणे नव्हे. बाईंना वर्गानंतर गाठून हे सविस्तर सांगा. चांगल्या प्रशिक्षकाला हे पर्याय ठाऊक असतात. त्यांनी तरीही श्वासाचाच आग्रह धरला तर वर्ग सोडायला हरकत नाही. ध्यानाव्यतिरिक्त एरवीही असे झटके येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी एका विज्ञान विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडील संशोधक विद्यार्थ्यांचा ताण पाहून सर्वांना सजगतेचा अभ्यासक्रम सक्तीचा करावा आणि त्याला एक श्रेयांक द्यावा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. आपले मत काय?

उत्तर : आपली कळकळ समजते, पण सक्ती नसावी असे माझे स्पष्ट मत आहे. केंब्रिजमध्ये जे विद्यार्थी वर्गाला बसले ते आपण होऊन नाव नोंदवणारे होते. सरसकट सगळ्यांना शिकवले तर काय होते याचा मोठा प्रयोग ब्रिटनमधील शाळांत झाला. ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांपैकी साधारण निम्म्यांना वर्गातच सजगता शिकवली गेली, बाकीच्यांचे नेहमीचे शिकवणे चालू राहिले आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. अनेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. ती मुले लहान होती, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही हे मान्य. पण ज्या गोष्टीचा सगळा परिणाम स्वेच्छेने केलेल्या सरावावर अवलंबून आहे, ती हजेरीपटावर आणून काय साधणार? शिवाय आधीच्या पत्रात पाहिले तसे, काहींना तिचा त्रासही होतो; त्यांना कारण न सांगता बाहेर पडता आले पाहिजे.

वर्ग ठेवावा, तो कामाच्या वेळेत ठेवावा, म्हणजे प्रयोगशाळेतून उठून गेलेल्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहणार नाही. शिकवणारी व्यक्ती विभागाबाहेरची असावी आणि कोण आले, कोण आले नाही, हे मार्गदर्शकांपर्यंत पोहोचू नये.

आपल्या प्रस्तावात मला जे दिसले नाही तेही लिहितो. वर उल्लेखिलेल्या फ्लँडर्सच्या पाहणीने विद्यार्थ्यांच्या त्रासाशी कोणत्या गोष्टी निगडित आहेत हेही तपासले होते. कामाचा अतिरिक्त भार, आपल्या कामावर आपला ताबा नसणे, काम आणि घर यांची ओढाताण आणि मार्गदर्शकाची वागण्याची पद्धत, ही त्यातली ठळक नावे. यांतील एकही गोष्ट विद्यार्थ्याच्या डोक्यात घडत नाही. चारही गोष्टींवर विभागाचा थोडाफार अधिकार चालतो. प्रकरण किती दिवसांत वाचून परत द्यायचे याची लेखी मुदत, रजेचे स्पष्ट नियम, रात्री आणि सुटीच्या दिवशी मेलला उत्तराची अपेक्षा नाही असा विभागाचा संकेत आणि मार्गदर्शकाबद्दलची तक्रार ज्याच्याकडे निर्भयपणे नेता येईल असा एक तटस्थ ज्येष्ठ प्राध्यापक, एवढे आपण याच सत्रात करू शकाल. ते न करता नुसता श्वासाचा वर्ग काढला, तर ताण सहन करता येत नाही हा तुमचाच दोष आहे असा अर्थ विद्यार्थी त्यातून काढतील आणि तो अर्थ काढल्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा पदव्युत्तर शिक्षण घेतो. नैराश्यासाठी त्याला दीड वर्षापासून गोळ्या चालू आहेत आणि आता तो बरा आहे. सजगतेवर आधारित उपचाराने गोळ्यांची गरज उरत नाही असे त्याने वाचले आहे आणि तो गोळ्या बंद करतो म्हणतो. त्याला काय सांगू?

उत्तर : त्याने वाचलेले साफ खोटे नाही, अर्धे आहे. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी कबात-झिन यांच्या कार्यक्रमाला बोधात्मक, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या, उपचारपद्धतीची जोड देऊन, नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी एक वेगळा कार्यक्रम तयार केला. तो गोळ्या चालू ठेवण्याशी ताडून पाहणारी ४२४ रुग्णांची एक मोठी चाचणी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत या उपचाराच्या गटातील ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवलेल्या गटातील ४७ टक्के रुग्णांचे नैराश्य उलटले. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच ठरले. मात्र हे सर्व रुग्ण पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्यातून गेलेले होते, त्यांनी प्रशिक्षित व्यक्तीकडून पूर्ण कार्यक्रम घेतला होता आणि गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्यात त्यांना मदत मिळत होती. एका सकाळी ठरवून गोळ्या बंद केलेल्यांची ही चाचणी नव्हती. तशा अचानक बंद केल्या तर चक्कर, झोपमोड, चिडचिड असे त्रास होऊ शकतात आणि हा त्रास आजार उलटल्याचा आहे की गोळी सुटल्याचा, हे ओळखणेही अवघड होऊन बसते.

त्याच्याशी वाद घालू नका. ‘तुझा विचार डॉक्टरांपुढे मांडू’ एवढेच म्हणा आणि त्याची तयारी असेल तर सोबत जा. परीक्षा किंवा प्रबंध सादर करण्याचा काळ जवळ असेल तर डोस कमी करण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा का, हेही त्यांनाच विचारा. दरम्यान गोळ्यांसोबतच त्याला वर्ग करायचा असेल तर जरूर करू द्या. दोन्ही एकत्र चालतात.

प्रश्न : माझी व्हायवा सहा आठवड्यांवर आली आहे. आठ आठवड्यांचा वर्ग आता शक्य नाही. मोबाइलवरचे ॲप चालेल का? आणि दालनात जाण्यापूर्वी करता येईल असे काही आहे का?

उत्तर : ॲप चालेल. थोडाफार फायदा होतो, मात्र बहुतेक जण ते काही दिवसांतच उघडायचे थांबतात. म्हणून रोजची एकच ठरलेली वेळ, दहा मिनिटे आणि एकच मार्गदर्शित सराव एवढ्यावर राहा, नवनवे सराव शोधत बसू नका.

दालनाबाहेर करण्यासाठी वर सांगितलेल्या नैराश्यावरील कार्यक्रमातलाच एक छोटा सराव उपयोगी आहे. पहिल्या मिनिटात आत्ता मनात कोणते विचार आहेत, कोणती भावना आहे आणि शरीरात ताण कुठे आहे, हे नुसते ओळखायचे. भीती वाटत असेल तर भीती आहे असे मनाशी म्हणायचे, ती घालवायची खटपट करायची नाही. दुसऱ्या मिनिटात लक्ष पोटाजवळच्या श्वासावर आणायचे. तिसऱ्या मिनिटात ते पुन्हा पसरवायचे : खुर्चीला टेकलेली पाठ, चेहरा, हात आणि मग समोरचे दार. हा सराव व्हायवाच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आजपासून रोज दोन-तीनदा, काहीही ताण नसताना करत राहा. एरवी ऐन वेळी या पायऱ्याच आठवत नाहीत. बाकीचा वेळ प्रबंधाचा सारांश मित्रांसमोर मोठ्याने मांडण्यात आणि त्यांच्याकडून आडवेतिडवे प्रश्न विचारून घेण्यात घालवा. व्हायवाच्या भीतीवर त्याचा उपयोग माझ्या मते या सरावापेक्षा अधिक होईल.